मागे दिलेला पास

“टाय लावूनच या, अका. बिनटायचा माणूस पडद्यावर दिसला तर साहेब माझी नोकरी खातील.”

फोन कान आणि खांद्यात दाबून योदगोर गुडघ्यांत धरलेल्या धुराड्याच्या कोपराला कड पाडत होता. टीव्हीवाली पोरगी, परवीना, सकाळपासून तिसऱ्यांदा तेच सांगत होती.

“पत्रेवाल्याकडे टाय कुठून येणार, पोरी?”

“कुणाचा तरी घ्या. आणि तो हातोडा थांबवा ना जरा, मला काही ऐकू येत नाही.”

“गिऱ्हाईक बसलंय.”

“उद्या आख्खा देश मॅच बघणार, अका. आज सहाला आख्खा जिल्हा तुम्हाला बघणार. गिऱ्हाईक कुठं जातंय?”

गिऱ्हाईक कुठेच जात नव्हतं. ते बाकड्यावर बसून त्याच मॅचबद्दल बोलत होतं. त्या आठवड्यात खुजंदच्या बाजारात दुसरा विषयच नव्हता. ताजिकिस्तान आशिया चषकाच्या बाद फेरीत, आणि समोर कोण, तर उझबेकिस्तान. जपान आलं असतं, कोरिया आलं असतं, तर माणसं हरायला मोकळी होती. पण हे शेजारी. अर्ध्या शहराच्या मावश्या तिकडे दिलेल्या, अर्ध्या शहराच्या सुना तिकडून आणलेल्या. सीमा बंद होती त्या वर्षांत माणसं तारेच्या कुंपणापाशी उभं राहून पलीकडच्यांना मयताची बातमी ओरडून सांगायची. अशांच्या हातून हरायचं म्हणजे स्वतःच्या घरात, सगळ्यांसमोर हरायचं.

परवीनाला मॅचच्या आदल्या संध्याकाळच्या कार्यक्रमासाठी असा माणूस हवा होता, जो ‘त्यांच्याशी’ अशा सामन्यात खेळलाय, जिथे हरलं की थेट घरी. शोधत शोधत ती नव्वद सालापर्यंत मागे गेली. इथल्या रेशीम गिरणीचा संघ, समोर सीमेपलीकडच्या सिमेंट कारखान्याचा संघ, चषकाची उपांत्य फेरी. तेव्हा सीमा नव्हतीच, दोन्हीकडे एकच लाल झेंडा होता. आपल्या अकरांतले चार मेले, पाच रशियात विटा वाहतात. उरले दोन. एक कप्तान मुहिद्दीन, जो आता हाजी आहे आणि माजी खेळाडूंच्या मंडळाचा अध्यक्ष आहे. दुसरा गोलकीपर योदगोर, जो धुराडी, पन्हळी आणि बादल्या करतो.

मुहिद्दीन बोलावण्याची वाटच बघत असतो. योदगोरला यापूर्वी दोनदा बोलावलं होतं आणि दोन्ही वेळा त्याचं पोट बिघडलं होतं. या वेळी तो हो म्हणाला. का म्हणाला हे त्याने बायकोलासुद्धा सांगितलं नाही.

दुकानासमोर नानवाल्या बायकांची रांग. त्या रांगेत सालोमत तीस वर्षं उभी आहे. घरच्या तंदुरात पहाटे भाजलेले नान जुन्या बाबागाडीत रचायचे, वर रजई घालायची, म्हणजे दुपारपर्यंत वाफ टिकते. सगळ्याच बायका असं करतात. सालोमतची बाबागाडी तिच्या स्वतःच्या मुलाची होती, आणि तो मुलगा आता चाळिशीला टेकला होता. योदगोर रोज तिच्याकडूनच दोन नान घ्यायचा. शेजारची बाई तीळ जास्त घालते, कोपऱ्यावरची स्वस्त देते, पण तो तिच्याकडेच यायचा आणि मान खाली घालून घ्यायचा.

“टाय मिळाला का?” तिने विचारलं.

“तुम्हाला कुणी सांगितलं, यांगा?”

मोठ्या भावाला अका म्हणतात, तसं भावाच्या बायकोला यांगा म्हणायचं. सालोमतचा नवरा सफर त्याचा सख्खा भाऊ नव्हता, पण दोघं एका गल्लीत वाढले, एका शाळेतून पळाले, एका संघात खेळले. गोलमध्ये योदगोर आणि त्याच्यापुढे बचावात सफर.

“फोनवर ओरडत होता तुम्ही. पार मिरचीवाल्यापर्यंत गेलं. तो म्हणतो, माझा लग्नातला टाय देतो, फक्त त्याला मिरचीचा वास येईल.”

योदगोर हसला. ती हसली नाही. नान काढायला रजईखाली घातलेला हात तिने तिथेच ठेवला.

“अका, एक मागू?”

“मागा.”

“त्या सामन्याचा विषय निघणार. सफरबद्दल एक शब्द बोला. फार नको. तो विकला गेला नव्हता, एवढंच म्हणा.” मग म्हणाली, “नात परवा शाळेतून रडत आली. पोरं म्हणाली, तुझ्या आजोबाने त्यांना गोल दिला होता. ज्यांच्या बापांना मिशा फुटल्या नव्हत्या तेव्हा, ती पोरं. मी म्हातारी झाले. मला बोललेलं चालायचं. तिला नको.”

तीस वर्षांत तिने त्याच्यासमोर सफरचं नाव काढलं नव्हतं.

“बोलतो,” योदगोर म्हणाला. “आज बोलतोच.”

आता जे बोलायचं होतं ते काय, हे सरळ सांगितलेलं बरं.

नव्वद साली गिरणीच्या डायरेक्टरला नव्या शेडसाठी सिमेंट हवं होतं. सिमेंट पलीकडच्या कारखान्यात होतं आणि त्या कारखान्याला चषकाची अंतिम फेरी हवी होती. देश मोडायला आला होता, दुकानांत साबण नव्हता, आणि या लोकांना चषक हवा होता. मध्यंतरात मुहिद्दीन मोऱ्यांकडे गेला, योदगोरच्या शेजारी उभा राहिला आणि पाण्याखाली हात धरून म्हणाला, “एक सोड. घरांच्या यादीत तुझं नाव वर जाईल. साहेबांनी शब्द दिलाय.” योदगोर तेव्हा बायको, आई आणि दोन मुलं घेऊन गिरणीच्या चाळीत एका खोलीत राहायचा. यादीत त्याचा नंबर दोनशेच्या पुढे होता. तो काही बोलला नाही. नाही म्हणाला असता तर ही गोष्टच झाली नसती.

पण गंमत बघा, सोडायला गोल तर यायला हवा. सिमेंटवाले इतके भिकार खेळत होते की त्यांचा एक फटका गोलच्या चौकटीत येईना. ऐंशी मिनिटं झाली. बरोबरी. मुहिद्दीन मधूनच मागे वळून बघायचा. तेव्हा त्र्याऐंशीव्या मिनिटाला सफरने, कुणीही जवळ नसताना, चेंडू शांतपणे मागे दिला. त्या काळी असा पास गोलकीपरला हातात उचलता यायचा. दूध सांडणार नाही अशा बेताने दिलेला, साधा, सरळ पास. योदगोर खाली वाकला आणि हात किंचित उशिरा मिटले.

कागदावर स्वयंगोल लागला. नाव सफरचं. गोलकीपरला कुणी काही बोललं नाही. उलट लोक म्हणाले, बिचाऱ्याने मित्रावर भरवसा ठेवला. सफरची आई लग्न होऊन सीमेपलीकडच्याच गावातून आलेली, तेवढं पुरलं. रक्त शेवटी तिकडे ओढणारच, असं पहिल्यांदा कोण म्हणालं ते योदगोरला चांगलं माहीत होतं. मुहिद्दीन म्हणाला, बसमध्ये, सगळ्यांदेखत. सफर खिडकीजवळ बसला होता. त्याने मान वळवून योदगोरकडे पाहिलं. योदगोर बुटाच्या नाड्या सोडत बसला.

तीन महिन्यांनी योदगोरला किल्ली मिळाली. दोन खोल्या, चौथा मजला. सफरला संघातून काढलं, मग गिरणीतून. पुढे देशात यादवी युद्ध झालं, गिरणी बंद पडली, माणसं पोटासाठी रशियाला गेली, तोही गेला. सामन्यानंतर तेरा वर्षांनी कुठल्याशा इमारतीच्या परांचीवरून पडला आणि पत्र्याच्या पेटीत घरी आला. मयताला माणसं मोजकीच होती. योदगोरने खांदा दिला. जास्त वेळ दिला, इतरांनी बदलायला मागितला तरी सोडला नाही. त्यावर लोक म्हणाले, याला म्हणतात मित्र.

टाय शेवटी खालच्या मजल्यावरच्या इतिहासाच्या मास्तरांचा मिळाला. बायकोने गाठ मारून दिली आणि दोन पावलं मागे जाऊन पाहिलं.

“फाशी दिल्यासारखे काय उभे आहात? हसा की जरा.”

“हसायचा कार्यक्रम नाही तो.”

“फुटबॉलचा आहे ना? मग?”

स्टुडिओत दिव्यांखाली इतकं गरम होतं की चेहऱ्यावर फासलेली पावडर दहा मिनिटांत कॉलरवर आली. मुहिद्दीन हाजी आधीच येऊन बसला होता. पांढरी टोपी, कापलेली दाढी, आणि टाय असा की जणू अंगाबरोबरच उगवलाय. योदगोरला पाहून तो उठला, छातीवर हात ठेवून वाकला, मिठी मारली.

“म्हातारा झालास रे, पत्र्या.”

“तू नाही झालास.”

“मला वेळ कुठंय.”

कार्यक्रम सुरू झाला. परवीनाने मोजून छापील वाक्यं म्हटली आणि मुहिद्दीनला पहिला प्रश्न विचारला. तो सात मिनिटं बोलला. शेजाऱ्यांचा मान, खेळातून मैत्री, आपल्या पोरांची जिद्द, मातृभूमी. त्यात फुटबॉल औषधालाही नव्हता. मग परवीना योदगोरकडे वळली.

“अका, उद्याचा सामना तुम्हाला कसा दिसतो?”

योदगोरने फक्त सफरचं तेवढं वाक्य पाठ करून आणलं होतं. पण प्रश्न फुटबॉलचा आला आणि गडी बोलायला लागला.

“ते चेंडूला पळवतात, आपण स्वतः पळतो. म्हणजे दमणार आपण. पण पहिली वीस मिनिटं गोल खाल्ला नाही तर त्यांचे पाय जड होतील. आपण हरलो तर लोक म्हणतील, इथवर आले हेच खूप. ते हरले तर त्यांना घरी तोंड दाखवता येणार नाही. भीती त्यांना जास्त आहे, आणि भ्यालेला संघ बाजूने खेळत नाही, मधूनच घुसतो. त्यांचा तो डावीकडचा पोरगा बघा, कडेने येतो आणि आत वळतो. दर वेळी. आपला बचाववाला त्याला बाहेरून अडवायला जातो आणि फसतो. आतून उभं राहायचं. जा म्हणायचं बाहेर, जा कडेला, काय करायचं ते कर.”

“आणि आपला गोलकीपर?”

“चांगला आहे. पण रेषेला चिकटून राहतो. गोलकीपरने पुढं यावं. मागं उभा राहिलेला गोलकीपर म्हणजे...” तो अडखळला. “पुढं बचावात कोण आहे त्याच्यावर त्याचा जीव असावा लागतो. आणि त्याचा याच्यावर.”

परवीनाला ते फार आवडलं. तिने कागदावर खूण केली. “तुम्ही दोघंही नव्वद साली अशाच एका सामन्यात होता. बरोबरी होती, आणि शेवटच्या मिनिटांत स्वयंगोल झाला. आजही लोक त्याबद्दल बोलतात. अका, त्या दिवशी नक्की काय झालं?”

झालं. दार उघडं होतं. योदगोरने पाण्याचा घोट घेतला. कॅमेऱ्यावरचा लाल दिवा त्याच्याकडे बघत होता.

“त्या दिवशी,” तो म्हणाला, “सफरने जो पास दिला...”

“माफ कर, योदगोर,” मुहिद्दीनने मऊ आवाजात त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. “सफरचं नाव निघालंच आहे तर तसंच पुढं जायला नको. परवीना बेटी, त्या संघातले आमचे चार भाऊ आज मातीत आहेत. त्यांच्या आठवणीला आधी हात उचलू या.”

आणि त्याने दुआसाठी दोन्ही तळवे वर केले.

आता जो या लोकांत वाढला नाही त्याला वाटेल, हात उचलायचे नव्हते. सोपं आहे म्हणायला. जेवण झाल्यावर दस्तरखान गुंडाळताना, प्रवासाला निघताना, सोयरीक ठरवताना, भांडण मिटवताना, मेलेल्याच्या दारात, जन्मलेल्याच्या पाळण्यापाशी, वडीलधाऱ्याने हात उचलले की सगळ्यांचे हात वर जातात. शेतात काम करणारा ट्रॅक्टर थांबवतो. मारामारी करणारे थांबतात. मूल बोलायच्या आधी हे शिकतं. योदगोरचे हात त्याला न विचारता मांडीवरून उठले आणि हनुवटीसमोर येऊन थांबले.

“अल्लाह त्या चौघांना जन्नतीत जागा देवो,” मुहिद्दीन डोळे मिटून म्हणत होता. “त्यांतल्या आमच्या सफरलाही देवो. माणूसच होता. त्याच्या हातून जे झालं ते झालं. अल्लाह त्याला त्याची माफी देवो, आणि आम्ही भावांनीही ती दिली. ओमिन.”

“ओमिन,” परवीना म्हणाली. तिचे डोळे पाणावले होते.

“ओमिन,” योदगोर म्हणाला, आणि दोन्ही हात तोंडावरून फिरवले.

हात खाली येईपर्यंत त्याला कळलं. मेलेल्यासाठी फातिहा पढली आणि सगळ्यांनी ओमिन म्हटलं की विषय मिटतो. त्यानंतर तोच विषय उकरणारा माणूस बेअदब ठरतो. पण ते सोडा. सफरला माफ कर, याला त्याने जिल्ह्यासमोर हो म्हटलं होतं. ज्याने गुन्हा केला त्याने, ज्याने केला नाही त्याच्यासाठी माफी मागितली होती, हात उचलून, टाय लावून. त्याने तोंड उघडलं, पण परवीना कॅमेऱ्याकडे वळली होती. वेळ संपत आली होती, अंदाज विचारायचे राहिले होते.

“हाजी?”

“दोन-शून्य. आपण.”

“योदगोर अका?”

“माहीत नाही,” योदगोर म्हणाला.

बाहेरच्या लांब, रिकाम्या कॉरिडॉरमध्ये त्याने मुहिद्दीनला गाठलं. तो ओल्या कागदाने कपाळावरची पावडर पुसत होता.

“तू त्याची माफी का मागितलीस?”

“मग कुणाची मागू? तुझी मागू? चल आत, अजून दिवे चालू आहेत.”

“चल.”

मुहिद्दीनने त्याच्याकडे नीट पाहिलं. घाबरला नाही, चिडलाही नाही. थकल्यासारखा भिंतीला टेकला.

“तुझं घर कितव्या मजल्यावर रे?”

“चौथ्या.”

“लिफ्ट चालते?”

“कधीच चालली नाही.”

“बघ. मग भोगतोच आहेस की तू. गुडघे काय म्हणतात?” त्याने कागद चुरगळून खिशात टाकला. “माझं ऐक. मेलेला माणूस फुटबॉल खेळत नाही. उद्या पोरं खेळणार आहेत, त्यांचा दिवस नासवू नकोस.”

तो गेला. योदगोर तिथेच टाय सोडत उभा राहिला. मास्तरांच्या टायची गाठ काही सुटेना, तेव्हा त्याने तो तसाच डोक्यावरून काढला.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, तो नेहमीच्या वेळी सालोमतसमोर उभा राहिला. बाबागाडी भरलेली होती. रजईच्या कडेने वाफ येत होती.

“दोन द्या, यांगा.”

“संपले,” सालोमत म्हणाली.

शेजारच्या दोघी आपापल्या गाड्यांत बघायला लागल्या. योदगोरने रजईकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं.

“यांगा, मी बोलणार होतो. तोंडाशी आलं होतं. त्याने हात उचलले...”

“पाहिलं मी. शेजारच्यांनी आवाज मोठा केला होता, खास माझ्यासाठी. नातही बघत होती. चांगलं म्हणालात ओमिन. स्पष्ट.” ती दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली. “तुम्हाला किती, बाई? चार? घ्या, गरम आहेत.”

तो दुकानात आला. धुराडं अर्धवट होतं. त्याने हातोडा उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. गिऱ्हाईक आलं आणि टीव्हीवर काय झकास बोललात म्हणून गेलं. आतून उभं राहायचं, जा म्हणायचं बाहेर, हे वाक्य आख्ख्या बाजाराने पाठ केलं होतं. मिरचीवाला वाट अडवून उभा राहिला आणि म्हणाला, “जा बाहेरून, अका.” दुपारपर्यंत सात माणसांनी त्याचा हात दाबला. त्यांतल्या तिघांनी हेही म्हटलं की, सफरला माफ केलंत, मोठं मन.

सामना साडेचारला होता. हिकमतच्या चायखान्यात त्या दिवशी मुंगीला जागा नव्हती. हिकमतने लग्नातल्या गवयाकडून माईक आणि भोंगे आणले होते. जे आत मावणार नाहीत त्यांना निदान ऐकू यावं म्हणून एक भोंगा बाहेरच्या तुतीच्या झाडाला बांधला होता. पुढच्या गादीवर मुहिद्दीन हाजी, त्याच्यापुढे पुलावाचं ताट. योदगोर दारात दिसला तसा हिकमत धावला.

“आले बघा आपले तज्ज्ञ! या, अका, पुढं या. अजून पाच मिनिटं आहेत. काल जिल्ह्याला सांगितलंत, आज आम्हाला दोन शब्द. आज कोण, किती?”

आणि त्याने माईक हातात दिला.

योदगोरने माईक तोंडाशी नेला. भोंगा किंचाळला. कुणीतरी कानांवर हात ठेवले.

“नव्वद सालचा गोल मी सोडला,” तो म्हणाला. “सफरचा पास सरळ होता. मी हात मिटले नाहीत. मुद्दाम मिटले नाहीत. मला त्यासाठी घर मिळालं. सफरला काही माहीत नव्हतं. तो विकला गेला नव्हता, मी विकला गेलो होतो. काल मी ओमिन म्हणालो ते खोटं होतं.”

मुहिद्दीनने हातातला घास ताटात परत ठेवला.

“याचं डोकं तापलंय,” तो शेजाऱ्याला म्हणाला. “काल दिव्यांखाली बसला ना.”

“मोऱ्यांपाशी कोण आलं होतं, मुहिद्दीन?” योदगोर माईकवरच म्हणाला.

मुहिद्दीनला उत्तर द्यायची गरजच पडली नाही. मागून एक तरणा आवाज आला, “अका, ज्या देशात ती मॅच झाली तो देशच राहिला नाही. सोडा की.” लोक हसले. वाईट हसले नाहीत, सुटल्यासारखे हसले. दुसरा म्हणाला, “आजचं सांगा, आजचं. तो डावीकडचा पोरगा खेळतोय का?” पडद्यावर संघ बोगद्यातून बाहेर येत होते. हिकमतने हळूच योदगोरच्या हातातून माईक काढून घेतला. त्याने ओढला नाही. आजाऱ्याच्या हातातून पेला घ्यावा तसा घेतला.

“बसा, अका.”

“मी काय म्हणालो ते ऐकलंत का?”

“ऐकलं ऐकलं. बसा ना, मागच्यांना दिसत नाही.”

राष्ट्रगीत सुरू झालं. सगळे उठले, छातीवर हात ठेवून गायले. योदगोर त्यांच्यात उभा होता तेव्हा कुणाला काही वेगळं वाटलं नाही. ते संपलं, सगळे बसले, आणि तो उभाच राहिला तसे चारी बाजूंनी आवाज उठले. तेहतीस वर्षं जे पोटात दगडासारखं धरलं होतं ते त्याने शेवटी बाहेर काढून सगळ्यांपुढे ठेवलं, आणि ते लोकांच्या वाटेत आलं, एवढंच झालं. तो चपला शोधून बाहेर आला.

बाहेर तुतीखाली पंधरा-वीस माणसं भोंग्याकडे मान करून उभी होती. त्यांच्यातल्या कुणीही त्याच्याकडे पाहिलं नाही. बाजार रिकामा होता. मिरचीवाल्याने पोत्यावर फडकं टाकून ठेवलं होतं. नानवाल्यांच्या रांगेत सालोमत तेवढी उरली होती, बाबागाडीच्या दांड्यावर हात ठेवून.

तो जवळ गेला.

“आवाज खरखरत होता,” ती म्हणाली. “पण ऐकू आलं.”

“कुणी ऐकलं नाही, यांगा.”

“नाही ऐकणार. आज कशाला ऐकतील.” ती रजई सारखी करत होती. “काल ऐकलं असतं. काल सगळे गप्प बसून ऐकत होते.”

“हो.”

“सफरला माहीत होतं.”

योदगोरने मान वर केली.

“त्या रात्री घरी येऊन त्याने जेवायच्या आधी सांगितलं मला. म्हणाला, पास मी रोज त्याला देतो तसाच दिला, आणि रोज तो घेतो. आज त्याने घेतला नाही. मी म्हटलं, मग जाऊन विचार त्याला. ओरड गल्लीत. तो म्हणाला, नाही. विचारल्यावर सांगितलेलं काय कामाचं? तो आपणहून येईल. माझा योदगोर आहे तो.”

चायखान्यातून मोठा गलका उठला आणि विरला. चेंडू कुठूनतरी गेला असणार, बाहेर किंवा जवळून.

“तेरा वर्षं वाट बघितली त्याने. फोन केला की विचारायचा, योदगोर येतो का नान न्यायला? मी म्हणायचे, रोज येतो. मग तो म्हणायचा, बघ, येतोय ना.” तिने गाडी वळवली. “तो गेल्यावर मी वाट बघितली. काल मी विचारलं, ते चुकलं माझं. त्याने नको म्हटलं होतं.”

“यांगा, तुमचं नाही चुकलं.”

ती गाडी ढकलत निघाली. बाजाराच्या तोंडाशी पाण्याचा पाट आहे, त्यावरची फरशी एका बाजूने खचलेली. पुढचं एक चाक त्यात गेलं आणि अडकलं. तिने दोनदा मागे ओढून पाहिलं. नान भरलेले होते, गाडी जड होती.

योदगोर गेला. वाकला, दोन्ही हातांनी पुढचा दांडा उचलला. ती त्याच्याकडे न बघता मागून रेटत होती. चाक फरशीवर आलं. पलीकडे उतार होता. तिथून तिला कुणाची गरज नव्हती, आणि ती थांबली नाही.